हरलेल्याला आणखी एक सामना

युसूफ वडगावचे आणि केज तालुक्यातल्या गावोगावचे शेतकरी बंधू, घरोघरच्या मायबहिणी आणि शाळाशाळांतले गुरुजी व बाई, आज मी तुम्हांला एका परदेशी स्पर्धेची हकीकत सांगणार आहे. खेळाचे नाव बेसबॉल. खेळणारे कॉलेजातले विद्यार्थी. शहर अमेरिकेतले, ओमाहा नावाचे. कोणी म्हणेल, आमच्याकडे कबड्डी आहे, खो-खो आहे, कुस्ती आहे. मग हे सातासमुद्रापलीकडचे लचांड कशाला? तेव्हा आधी एक घरची गोष्ट सांगतो, म्हणजे माझा हेतू ध्यानात येईल.

काही वर्षांमागे एका खेड्यातल्या शाळेच्या मुलांबरोबर मी स्पर्धेला गेलो होतो. गावाचे नाव सांगत नाही. पोरे पहाटे चारला उठली. आयांनी भाकरी-चटणी फडक्यात बांधून दिली. जीपगाडीत एकमेकांच्या मांडीवर बसून मुले मैदानावर पोचली. खो-खोचा सामना अकराच्या सुमारास लागला आणि तासाभरात उरकला. एका गुणाने आमची मुले हरली. झाले! गाशा गुंडाळा आणि घरी चला. परतताना एका मुलाने विचारले, "सर, आता परत कधी?" मी म्हणालो, "पुढच्या वर्षी." तो काही बोलला नाही. दसरा झाला, उसाच्या टोळ्या निघाल्या, आणि तो मायबापाबरोबर कारखान्यावर गेला. पुढच्या वर्षी तो संघात नव्हता. त्याच्यापुरती ती स्पर्धा म्हणजे तो एक तास.

तेव्हापासून माझ्या मनात एक प्रश्न घोळत राहिला. एकदा हरला तो बाद, हा नियम कोणी केला? आणि तो सगळीकडे असाच आहे काय? शोधता शोधता मी ह्या ओमाहाच्या स्पर्धेपाशी येऊन पोचलो.

प्रथम खेळ समजून घेऊ. आपल्या विटीदांडूतला दांडू आणि क्रिकेटमधला चेंडू एकत्र आणला की बेसबॉलची निम्मी ओळख झाली. मैदानावर एक चौकोन आखतात, पण तो पतंगासारखा कोपऱ्यावर उभा केलेला. चार कोपऱ्यांना बेस म्हणतात. एका बेसपासून पुढचा बेस ९० फुटांवर. त्यातल्या एका कोपऱ्याचे नाव 'होम', म्हणजे घर. तिथे फलंदाज हातात गोल दांडका घेऊन उभा राहतो. चौकोनाच्या मधोमध मातीचा लहानसा उंचवटा असतो. तिथून, म्हणजे ६० फूट ६ इंचांवरून, गोलंदाज चेंडू फेकतो. टप्पा न पाडता, सरळ. चेंडू टोलवला की दांडका तिथेच टाकून फलंदाज पळत सुटतो. पहिला बेस, दुसरा, तिसरा आणि पुन्हा घर. घरून निघून घरी परत आला की एक धाव.

एका बाजूला नऊ गडी. तीन गडी बाद झाले की बाजू बदलते. अशी पाळी दोन्ही बाजूंना नऊ नऊ वेळा येते. फटका दोन आखलेल्या रेघांच्या बाहेर गेला तर त्याला फाउल म्हणतात. त्यावर धाव मिळत नाही. पण तो बाहेर गेलेला चेंडूही कोणी वरच्यावर झेलला, तर फलंदाज बाद. एवढी गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे ती लागणार आहे.

अमेरिकेतल्या दोन कॉलेजांमधला बेसबॉलचा पहिला सामना १ जुलै १८५९ रोजी झाला. आपल्याकडे मुंबई विद्यापीठ स्थापन होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. ॲमहर्स्ट आणि विल्यम्स ही ती दोन कॉलेजे. सामना दोघांच्याही गावी न होता तिसऱ्या ठिकाणी, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या पिट्सफील्ड येथे झाला. ॲमहर्स्टने ७३ आणि विल्यम्सने ३२ धावा केल्या. आजच्या बेसबॉलमध्ये पाच-सात धावा म्हणजे पुष्कळ झाल्या; पण त्या काळचे नियम निराळे होते. गुरुजनांना आवडेल अशी एक गोष्ट सांगतो. त्याच भेटीत ह्या दोन कॉलेजांचा बुद्धिबळाचाही सामना झाला, आणि तोही ॲमहर्स्टनेच जिंकला.

पुढे हा खेळ कॉलेजाकॉलेजांत पसरला. शेजारची कॉलेजे एकमेकांशी खेळत, मोसम संपे, मुले परीक्षेला बसत. पण साऱ्या देशातले पहिले कॉलेज कोणते, हे ठरवणारी स्पर्धा मात्र नव्हती. ती सुरू व्हायला १९४७ साल उजाडावे लागले. म्हणजे पहिल्या सामन्यानंतर ८८ वर्षे गेली! दुसरे महायुद्ध संपले होते. फौजेतून, आरमारातून, विमानदलातून सुटलेले तरुण पुन्हा कॉलेजच्या बाकांवर येऊन बसले होते.

पहिल्या वर्षी आठ संघ बोलावले. चार पूर्वेकडचे, चार पश्चिमेकडचे. ह्या चार-चारांत आपल्यासारखीच बाद पद्धत ठेवली होती. एक सामना हरला की घरी. पूर्वेकडून येल विद्यापीठ आले, पश्चिमेकडून कॅलिफोर्निया विद्यापीठ. मिशिगन राज्यातल्या कॅलमझू नावाच्या गावी १९४७ च्या जूनमध्ये दोघांची गाठ पडली. आपला देश स्वतंत्र व्हायला दोन महिने अवकाश होता. तीन सामन्यांपैकी दोन जिंकील तो विजेता, असे ठरले होते. कॅलिफोर्नियाने पहिला सामना १७-४ आणि दुसरा ८-७ असा जिंकला. तिसऱ्याची गरजच उरली नाही.

येलच्या संघात पहिल्या बेसवर एक उंच तरुण उभा राहत असे. युद्धात त्याने आरमाराची विमाने चालवली होती. दुसऱ्या वर्षी, १९४८ मध्ये, तो संघाचा कप्तान झाला आणि येल पुन्हा अंतिम लढतीला आले. ह्या वेळी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने त्यांना हरवले. लागोपाठ दोन वर्षे शेवटच्या पायरीवरून परत फिरलेला हा तरुण म्हणजे जॉर्ज बुश. पुढे १९८९ ते १९९३ ह्या काळात तो अमेरिकेचा अध्यक्ष होता. हरलेला खेळाडू कुठवर जाईल हे कोणी सांगावे!

१९४९ साली स्पर्धा कॅन्सस राज्यातल्या विचिटा येथे गेली. त्या वर्षी चार संघ होते, आणि टेक्सास विद्यापीठ विजयी झाले. तीन वर्षांत दोन गावे झाली. म्हणजे स्पर्धेला अजून स्वतःचे घर नव्हते. ते १९५० साली मिळाले. ते घर म्हणजे ओमाहा.

आता हे ओमाहा कसले शहर, ते सांगतो. न्यूयॉर्कसारखे मोठे नव्हे, वॉशिंग्टनसारखी राजधानीही नव्हे. नेब्रास्का राज्यात, मिसूरी नदीच्या काठी वसलेले हे शहर. आजूबाजूला मक्याची रानेच्या राने. रेल्वेचे ठाणे, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जनावरांचा बाजार. नेकनूरचा बाजार ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी तोच बाजार शेकडो पटीने वाढवून डोळ्यांपुढे आणावा. १८८३ साली तिथे जनावरांच्या बाजाराची कंपनी निघाली, आणि १९५५ साली तर ह्या बाजाराने शिकागोलाही मागे टाकले. अशा त्या शेतकऱ्यांच्या, खाटकांच्या, रेल्वे कामगारांच्या शहराने १९४८ साली एक मोठे मैदान बांधले, आणि कॉलेजच्या मुलांची स्पर्धा आपल्याकडे मागून घेतली.

ह्या खटपटीत पुढे असलेल्या माणसांत जॉनी रोझेनब्लाट हे एक नाव येते. तो स्वतः बेसबॉल खेळलेला गडी. पुढे १९५४ ते १९६१ ह्या काळात तो ओमाहाचा महापौर झाला. १९६४ साली त्या मैदानालाच त्याचे नाव देण्यात आले. स्पर्धा आणली खरी, पण सुरुवातीला काही ती फळाला आली नाही. पहिल्या वर्षी सगळे दिवस मिळून सुमारे १८ हजार माणसे आली. सुरुवातीची कित्येक वर्षे स्पर्धा तोट्यात चालली. एखाद्या गावाने दुसऱ्याच वर्षी हात झटकले असते. ओमाहाने झटकले नाहीत. शहरातल्या व्यापाऱ्यांनी आणि नागरिकांनी दरसाल पदर खर्च केला. हळूहळू लोकांना सवय झाली, की जून आला की कॉलेजची पोरे येणार. अलीकडच्या वर्षांत त्या दहा-बारा दिवसांत तीन लाखांच्या वर प्रेक्षक येतात.

पण मंडळी, ज्यासाठी मी हे सगळे पुराण लावले, ती गोष्ट पुढेच आहे. ओमाहाला आठ संघ येत. आणि तिथे नियम असा, की एकदा हरलेला संघ बाद नाही. दोनदा हरला की बाद. आपण ह्याला दुहेरी बाद पद्धत म्हणू. पहिला सामना हरलेले संघ वेगळ्या फळीत जातात आणि आपसांत खेळतात. तिथे जिंकत गेले, तर वरच्या फळीतल्यांना पुन्हा गाठतात. मात्र आणखी एकदा हरले, की परतीची गाडी.

गुरुजींनी हे वर्गात फळ्यावर मांडून पाहावे. हिशेब मोठा गमतीचा आहे. प्रत्येक सामन्यात एक जण हरतो. आठ संघांतून एकच विजेता उरायचा, म्हणजे सात जण बाद व्हायला हवेत. एकेरी बाद पद्धतीत सात हरणी लागतात, म्हणून सामने सात. दुहेरी पद्धतीत त्या सातांनी प्रत्येकी दोनदा हरायला हवे, म्हणून सामने चौदा. विजेता स्वतः एकदा हरला असेल, तर पंधरा. पहिल्या पद्धतीत आठांतले चार संघ एकच सामना खेळून घरी जातात. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येकाला निदान दोन सामने मिळतातच.

हा नियम बेसबॉलवाल्यांनी केवळ दयेपोटी केला असे समजू नका. त्यात खेळाचे कारणही आहे. बेसबॉलमध्ये गोलंदाजाच्या हातात फार मोठी सत्ता असते. एखादा जबर गोलंदाज त्या दिवशी लागला, तर तो एकटा सामना जिंकून देतो. पण शंभर-सव्वाशे चेंडू तेवढ्या जोराने फेकल्यावर त्याचा दंड भरून येतो; दुसऱ्या दिवशी तो फेकू शकत नाही. म्हणजे एका सामन्यात परीक्षा होते ती एका दंडाची. पाच-सहा सामने खेळावे लागले, की दुसरा गोलंदाज कसा, तिसरा कसा, बाकावर बसलेला पोरगा कसा, हे सगळे उघड होते. एका बैलावर नांगरट होत नाही, हे शेतकऱ्याला काय सांगायचे?

ओमाहाच्या पहिल्याच वर्षी ह्या नियमाची परीक्षा झाली. मागल्या वर्षीचे विजेते टेक्सास १९५० च्या स्पर्धेत उतरले आणि पहिलाच सामना रटगर्स विद्यापीठाकडून हरले. आपल्याकडची पद्धत असती, तर विजेते त्याच रात्री घरी गेले असते. पण त्यांना दुसरा सामना मिळाला. पुढे टफ्ट्स कॉलेजाशी गाठ पडली. ह्या सामन्यात हरले तर सगळे संपणार होते. टेक्सासचा जिम एर्लर गोलंदाजीला उभा राहिला आणि त्याने समोरच्या संघाला सबंध सामन्यात एकही साधलेला फटका मारू दिला नाही. असा पराक्रम त्या स्पर्धेच्या इतिहासात फारच विरळा. मग टेक्सासने रटगर्सलाही गाठून हरवले, आणि शेवटच्या सामन्यात वॉशिंग्टन स्टेटला ३-० असे हरवून पुन्हा विजेतेपद मिळवले. पहिल्या दिवशी हरलेला संघ शेवटच्या दिवशी पहिला आला!

हे एकदाच घडले असे नाही. १९९८ साली सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ पहिला सामना हरले होते. तेच पुढे ॲरिझोना स्टेटशी झालेला अंतिम सामना २१-१४ असा जिंकून विजेते झाले. ह्या विद्यापीठाने सर्वांत जास्त, म्हणजे बारा वेळा ही स्पर्धा जिंकलेली आहे. एवढ्या नामांकित संघालाही दुसऱ्या संधीची गरज पडली, हे लक्षात घ्या. २००६ साली ओरेगॉन स्टेट, २०१० साली साउथ कॅरोलिना, हेही ओमाहातला पहिला सामना हरूनच विजेते झाले.

आणि २०१८ साली तर नवल घडले. ओरेगॉन स्टेटचा संघ पुन्हा पहिलाच सामना हरला. मग जिंकत जिंकत अंतिम लढतीला आला. समोर आर्कान्सा विद्यापीठ. तीनांतले दोन सामने जिंकायचे. पहिला आर्कान्साने जिंकला. दुसऱ्या सामन्यात शेवटची, नववी पाळी आली, तेव्हा आर्कान्सा ३-२ असे पुढे होते. ओरेगॉनचे दोन गडी बाद झालेले. आणखी एक बाद झाला की खेळ खलास. फलंदाजाने चेंडू उंच उडवला. तो रेघेबाहेर, फाउलमध्ये गेला. मघाशी सांगितले ते आठवते ना? तो वरच्यावर झेलला असता तर फलंदाज बाद आणि विजेतेपद आर्कान्साचे. तीन क्षेत्ररक्षक धावले. तू घेशील, मी घेईन, अशा घोटाळ्यात चेंडू तिघांच्या मध्ये जमिनीवर पडला.

त्याच फलंदाजाने पुढे फटका मारून बरोबरी साधली. नंतरच्या ट्रेव्हर लार्नाक नावाच्या गड्याने चेंडू कुंपणापार पाठवला. ओरेगॉन ५-३ ने जिंकले. तिसऱ्या दिवशी केव्हिन एबल ह्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने सबंध सामना एकट्याने गोलंदाजी केली. समोरच्यांना एकही धाव मिळाली नाही, आणि ओरेगॉन ५-० असे जिंकून विजेते झाले. त्या मुलांनी जिद्द दाखवली, यात शंकाच नाही. पण मला सांगा, नियमाने त्यांना मैदानावर ठेवलेच नसते, तर ती जिद्द दाखवायची कुठे?

ह्या नियमाला मध्यंतरी एकदा धक्काही बसला होता. १९८८ ते २००२ अशी पंधरा वर्षे अंतिम लढत एकाच सामन्याची ठेवली होती. कारण दूरचित्रवाणी. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी एकच शेवटचा सामना दाखवणे सोयीचे. पण त्यामुळे तोवर एकही सामना न हरलेला संघ त्या एका हरण्याने विजेतेपद गमावू शकत होता. दुसऱ्या संधीचा हक्क नेमका शेवटच्या दिवशी नाहीसा होत होता. त्या काळातही थरारक सामने झाले. १९९६ साली लुइझियाना स्टेट आणि मायामी यांच्यात शेवटच्या पाळीत, दोन गडी बाद असताना, वॉरन मॉरिस नावाच्या गड्याने चेंडू कुंपणापार मारला आणि लुइझियाना ९-८ ने जिंकले. हाताच्या दुखण्यामुळे त्या मोसमात तो फार खेळलाही नव्हता, आणि सबंध मोसमातला त्याचा असा तो एकमेव फटका. लोकांना हा सामना अजून आठवतो. तरीही २००३ पासून अंतिम लढत पुन्हा तीनांतले दोन अशी केली. पाहणाऱ्यांच्या सोयीपेक्षा खेळणाऱ्यांचा न्याय मोठा ठरला, असे म्हणायला हरकत नाही.

आज तिकडे कॉलेजांच्या पहिल्या वर्गात बेसबॉल खेळणारे सुमारे ३०० संघ आहेत. त्यांतून ६४ निवडतात. हे चौसष्ट जण सोळा ठिकाणी चार-चारांच्या गटांत खेळतात, आणि तिथेही दोनदा हरला तरच बाद. त्यांतून आठ जण ओमाहाला पोचतात. २०२० साली कोरोनाच्या साथीमुळे स्पर्धा झाली नाही. तेवढे एक वर्ष सोडले तर १९५० पासून ती ओमाहालाच होत आली आहे. जुने रोझेनब्लाट मैदान २०१० साली निरोप घेऊन गेले, २०१२ साली ते पाडले, आणि २०११ पासून शहरात नवे मैदान झाले. जनावरांचा तो मोठा बाजारही १९९९ साली बंद पडला. बाजार उठला, मुलांची स्पर्धा राहिली. जुन्या मैदानाच्या जागी, जिथे 'घर' होते तो कोपरा तेवढा आठवण म्हणून जपून ठेवला आहे.

आता आपल्या अंगणात येऊ. बेसबॉल आपल्याला अगदीच अनोळखी आहे असे नाही. शालेय स्पर्धांत आणि विद्यापीठांच्या आपसांतल्या स्पर्धांत बेसबॉल आणि त्याचे धाकटे भावंड सॉफ्टबॉल, दोन्ही खेळले जातात. विद्यापीठांची स्पर्धा ही कल्पनाही आपल्याकडे जुनी आहे. क्रिकेटचा रोहिंटन बारिया चषक १९३५ पासूनचा, म्हणजे अमेरिकेतल्या त्या बेसबॉल स्पर्धेहून बारा वर्षांनी वडील. मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. आपले विद्यापीठ छत्रपती संभाजीनगरला, तेव्हाच्या औरंगाबादला, १९५८ साली झाले. विद्यापीठांच्या स्पर्धांत पुष्कळदा आधी बाद पद्धतीने खेळवून शेवटच्या चारांत साखळी लावतात. पण तिथवर पोचण्याआधी पहिल्या फेरीत हरलेले संघ गाडीत बसलेले असतात.

कोणी म्हणेल, कुस्तीत असे कुठे असते? आखाड्यात एकदा पाठ लागली की लागली. मंडळी, ऑलिंपिकच्या कुस्तीतही हरलेल्याला वाट ठेवली आहे. ज्याने तुम्हांला हरवले तो अंतिम फेरीत पोचला, तर तुम्हांला कांस्यपदकासाठी पुन्हा लढता येते. २०१६ साली रिओ येथे साक्षी मलिक मधल्या फेरीत हरली होती. ह्याच वाटेने ती परत आली, आणि शेवटच्या कुस्तीत ०-५ अशी मागे पडूनही ८-५ ने जिंकली. ऑलिंपिक पदक मिळवणारी ती भारताची पहिली महिला कुस्तीगीर. तो नियम नसता, तर ते पदकही नसते.

आणि आपल्या तालुक्याचेच घ्या. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली खो-खोचे नियम लिहून काढले. तोवर गावोगाव निरनिराळ्या रीतीने चालणारा खेळ नियमांत बसला, मग त्याच्या स्पर्धा सुरू झाल्या. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असे हरवून तो जिंकला. त्या संघाची कप्तान होती प्रियांका इंगळे. तिचे मूळ गाव आपल्या केज तालुक्यातले. तेव्हा ह्या मातीत खेळाडू आहेत का, हा प्रश्नच उरला नाही. प्रश्न एवढाच, की त्यांना किती सामने मिळतात.

माझी सूचना साधी आहे. गणेशोत्सवात, पोळ्याला, पंधरा ऑगस्टला आपण गावागावांत स्पर्धा भरवतो. त्या भरवताना निदान चार गावांपुरती ही दुहेरी पद्धत करून पाहा. समजा युसूफ वडगाव, बनसारोळा, होळ आणि चिंचोली माळी असे चार संघ आहेत. पहिले दोन सामने नेहमीसारखेच. मग हरलेल्या दोघांचा एक सामना. त्यात जो हरेल तो दोनदा हरला, तो बाद. जिंकलेल्या दोघांचा एक सामना. त्यात जिंकेल तो थेट अंतिम फेरीत. त्यात जो हरेल, त्याची गाठ हरलेल्यांतून वर आलेल्याशी घाला. तिथे जिंकेल तो अंतिम फेरीत. शेवटच्या लढतीत आजवर न हरलेला संघ हरला, तर दोघांचे एकेक हरणे झाले. मग आणखी एक सामना आणि निकाल. एकेरी पद्धतीत तीन सामने होतात, ह्या पद्धतीत सहा किंवा सात. म्हणजे एका दिवसाच्या जागी दोन दिवस.

खर्च वाढेल, हे मी नाकारत नाही. पंचांना दोन दिवस थांबवावे लागेल, पोरांच्या मुक्कामाची सोय करावी लागेल. पण शाळेची खोली आहे, घराघरांतून चार-चार भाकरी गोळा करणे आपल्याला नवीन नाही. सप्ताहाला आपण सात दिवस गावजेवण घालतो. ओमाहाच्या लोकांनी कित्येक वर्षे तोटा सोसून परक्या गावच्या मुलांना खेळवले. आपल्याला शेजारच्या चार गावांच्या मुलांना दोन दिवस सांभाळणे जड जाऊ नये.

एक मात्र पाहा. ही स्पर्धा दसऱ्याच्या आत उरका. दसऱ्यानंतर टोळ्या निघतात, आणि निम्मा संघ उसाच्या फडावर जातो. त्या मुलांना पुढच्या वर्षीचा भरवसा देता येत नाही. त्यांना दुसरा सामना द्यायचा असेल, तर तो ह्याच वर्षी, ह्याच मैदानावर, दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायला हवा.

जीपगाडीतल्या त्या मुलाला मी "पुढच्या वर्षी" असे उत्तर दिले होते. तुमच्या गावातल्या मुलाने "सर, आता परत कधी?" असे विचारले, तर त्याला "उद्या" असे सांगता यावे, एवढीच माझी इच्छा आहे.